कार्सनची इमारत : एक दुकान, अनेक भाडेकरू

शिकागो शहरातील घरांचे क्रमांक एका चौकापासून मोजले जातात. स्टेट स्ट्रीट आणि मॅडिसन स्ट्रीट जेथे एकमेकांना छेदतात, तेथे शून्य. या चौकाच्या आग्नेय कोपऱ्यावर एक बारा मजली इमारत उभी आहे. तिचा कोपरा गोलाकार असून खालच्या दोन मजल्यांवर बिडाच्या पानाफुलांची दाट नक्षी आहे.

वास्तुविशारद लुई सलिव्हन यांनी १८९९ ते १९०४ या काळात टप्प्याटप्प्याने ती 'श्लेसिंगर अँड मेयर' या पेढीसाठी उभारली. १९०४ मध्येच ती हॅरी सेल्फ्रिज यांच्याकडे आणि त्यांच्याकडून लगेच 'कार्सन, पिरी, स्कॉट' या पेढीकडे आली. सलिव्हन यांनी इमारतीचा भार भिंतींवर न टाकता पोलादी सांगाड्यावर टाकला. त्यामुळे भिंतींच्या जागी रुंद काचा बसल्या आणि आत सलग, मोकळे, प्रकाशमान मजले मिळाले. शतकाहून अधिक काळ कार्सनचे दुकान येथे चालले.

पुढे मोटारी वाढल्या, वस्ती उपनगरांत गेली आणि तिच्यामागून बाजारही गेला. १९७९ मध्ये स्टेट स्ट्रीटवर खासगी मोटारींना बंदी घालून तो पादचाऱ्यांसाठी राखण्यात आला. पण गिऱ्हाईक परतले नाही. १९९६ मध्ये रस्ता पुन्हा वाहनांना खुला झाला. फेब्रुवारी २००७ मध्ये कार्सनचे हे दुकान कायमचे बंद झाले.

एवढ्या मोठ्या रिकाम्या वास्तूचे काय करावे? याच रस्त्याने थोडे उत्तरेस गेले की, पश्चिमेच्या बाजूला 'ब्लॉक ३७' लागतो. नव्या बांधकामाच्या आशेने तेथील जुन्या इमारती १९८९ मध्ये पाडण्यात आल्या. मात्र योजना रखडली. हिवाळ्यात तेथे बर्फावरील स्केटिंगचा खेळ चाले. भर बाजारपेठेतील ती जागा अनेक वर्षे मोकळीच राहिली. तेथील नवा मॉल २००९ मध्ये उघडला.

कार्सनची इमारत १९७५ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून घोषित होती. तिच्यासाठी निराळा मार्ग पत्करला गेला. महापालिकेने जीर्णोद्धाराला अर्थसाहाय्य दिले. १९४८ मध्ये काढून टाकलेली माथ्यावरची कोरीव कड २००६ मध्ये पुन्हा घडवून बसविण्यात आली. वरच्या मजल्यांवर कार्यालये आणि आर्ट इन्स्टिट्यूटच्या कलाविद्यालयाचे वर्ग आले. जुलै २०१२ मध्ये खालच्या भागात 'टार्गेट' हे दुकान सुरू झाले. सलिव्हन यांच्या नक्षीवर मोठे फलक चढविण्याचा मोह मात्र त्यांनी टाळला.

भाड्याच्या हिशेबातही हा बदल महत्त्वाचा आहे. पूर्वी सारी वास्तू एकाच धंद्यावर अवलंबून होती. तो बसला आणि बहुतेक मजले एकदम रिते झाले. आता एक भाडेकरू गेला, तरी इतरांच्या भाड्यावर देखभाल चालू राहू शकते. सलग, मोकळ्या मजल्यांमुळेच ही विभागणी सुलभ झाली.

यात हानी नाही असे नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची ओळखीची पेढी गेली. २०१८ मध्ये तर तिची इतर दुकानेही मिटली. आज इमारतीचे नाव 'सलिव्हन सेंटर' आहे. व्यापाऱ्याचे नाव पुसले गेले आणि अखेरची वर्षे दारिद्र्यात काढून १९२४ मध्ये निवर्तलेल्या शिल्पकाराचे नाव त्या दारावर आले. शहरातील रिकामी वास्तू पाडण्याचा निर्णय घेणाऱ्यांनी या चौकात थोडा वेळ थांबून जावे.