गरम टायरची हवा

आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी एक दृश्य दिसतं. टायरला अंगठा दाबायचा, "आहे रे हवा!" म्हणायचं आणि किक मारायची. हे करणारे सगळे भावी इंजिनिअर! मीही त्यातलाच. फरक एवढाच, की माझ्या घरची गाडी तीन चाकांची आहे. आमचे आण्णा मिरजेत रिक्षा चालवतात. त्या तीन चाकांवर आमचं घर चालतं आणि माझं मेसचं बिलही.

रिक्षावाल्याच्या घरात टायर हा बजेटचा विषय असतो. आमच्या रिक्षाला ४.००-८ साइजचे टायर लागतात, म्हणजे रुंदी ४ इंच आणि रिमचा व्यास ८ इंच. तिन्ही चाकांना एकच साइज, त्यामुळे स्टेपनी एकच, ती कुठेही बसते. सोय आहे, पण मोहही आहे. हाताला लागेल तो टायर लागेल तिथे बसवता येतो. आण्णा मात्र तसं करत नाहीत. नवा टायर नेहमी पुढे. "मागं दोघं हायत, एक गेला तर दुसरा सांभाळतोय. पुढचा एकटा हाय," हे त्यांचं लॉजिक. मागचे दोन्ही टायर सारखेच झिजलेले हवेत. एक नवा आणि एक गोटा झालेला असला तर दोघांचा परीघ वेगळा पडतो आणि सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला उगाच काम लागतं. हे माझं पुस्तकी वाक्य. आण्णा म्हणतात, "गाडी लंगडती." रिमोल्ड टायर बसवायचाच झाला तर मागे, पुढे कधीच नाही.

२०२४ च्या मे महिन्यात सेकंड इयर संपवून मी घरी गेलो. थर्मोडायनॅमिक्सचा पेपर बरा गेला होता, त्यामुळे डोक्यात हवा होती. बॅगेत नवाकोरा प्रेशर गेजही होता. एक दिवस दुपारी दोनला आण्णा जेवायला आले आणि मी गेज घेऊन रिक्षाकडे धावलो. आमच्या रिक्षाच्या पुस्तिकेत मागच्या चाकांना ३४ पीएसआय लिहिलंय. काटा ३९ वर!

"आण्णा, पाच जास्त आहे! या उन्हात टायर फुटेल."

"हवा सकाळी बघायची असती रे," आण्णा म्हणाले.

मी ऐकतोय होय? पुस्तिका दाखवली. व्हॉल्व्ह दाबून फुस्स करून दोन्ही चाकं ३४ वर आणली. वर हुकूमही सोडला, "आता पंपावर भरू नका. मी आहे ना." आण्णांनी मान डोलावली. मुलगा इंजिनिअर होणार होता ना!

आठव्या दिवशी आण्णा स्टेशनवरून एक पेशंट घेऊन निघाले. मिरजेला लांबलांबून लोक उपचाराला येतात. एक आजी, त्यांची दोन मुलं, अंथरुणाचं गाठोडं, दोन पिशव्या. अर्ध्या वाटेत मागच्या डाव्या चाकातून फडफड आवाज आला आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. आण्णांनी जोरात ब्रेक मारला नाही, हँडल घट्ट धरून हळूहळू कडेला घेतली. रिमोल्डचा पट्टा सुटला होता. कोणाला काही झालं नाही. दुसरी रिक्षा थांबवून आण्णांनी आजींना पुढे पाठवलं, भाडं घेतलं नाही. घरी येऊन ते मला काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी वही घेऊन बसलो. सकाळचं तापमान २७ अंश, म्हणजे ३०० केल्विन. दुपारी पळून आलेल्या टायरमधली हवा ६० अंश धरली तर ३३३ केल्विन. गेज वातावरणाच्या वरचाच दाब दाखवतो, म्हणून ३४ मध्ये १४.७ मिळवायचे. ४८.७ गुणिले ३३३ भागिले ३००, वजा १४.७. उत्तर ३९.४! म्हणजे दुपारचे ३९ हे बरोबरच होते. पुस्तिकेतला आकडा थंड टायरचा असतो. मी गरम टायर ३४ वर आणला, तो सकाळी गार झाल्यावर २९ वर आला असणार.

मागच्या एका चाकावर २४० किलो भार धरा. ३४ पीएसआय म्हणजे साधारण २.४ किलो प्रति चौरस सेंटीमीटर. तेव्हा टायर रस्त्याला टेकतो साधारण १०० चौरस सेंटीमीटर, एका तळहाताएवढा. हवा कमी झाली की टेकणारा भाग वाढतो, प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू जास्त दुमडते, टायर आणखी तापतो. रिमोल्डचा चिकटवलेला पट्टा उष्णतेलाच सुटतो. टायर जुना होता, ऊन होतं, वजन होतं, सगळं मान्य. पण ते पाच पीएसआय माझे होते.

गंमत बघा, हवेचा टायर गाजला तोच तीन चाकांमुळे. बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तो बनवला आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. तिथे बापाने मुलाच्या गाडीत हवा भरली. आमच्याकडे मुलाने बापाच्या गाडीतली काढली.

नंतर आईकडून कळलं, मागे दोन्हीकडे रिमोल्ड बसवले होते ते जानेवारीत. माझी सेमिस्टरची फी भरली त्याच आठवड्यात.

तेव्हा मित्रांनो, हवा सकाळी, गाडी काढायच्या आधी बघा. गरम टायरची हवा काढू नका. आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला घ्या, माझा नको. आणि ज्याची गाडी आहे तो काही सांगत असेल तर आधी ऐका. सूत्र कुठे पळून जात नाही.

तो गेज आता आण्णांकडे असतो. मागच्या सुट्टीत सकाळी साडेपाचला त्यांनी मला हलवून उठवलं. "३४ हाय बघ. आता जाऊ का, इंजिनिअर?"

मी डोळे चोळत बाहेर आलो, अंगठा दाबला आणि म्हणालो, "जावा, आण्णा."