घर राखणाऱ्यांची वेरूळयात्रा

मोठ्या कुटुंबांत प्रवासाचा बेत ठरूं लागला कीं, "तुम्ही सारे जा, मी घर राखतें," असें म्हणणारें एक माणूस हमखास असतें. घराला कुलूप मिळत नाहीं म्हणून तें मागें राहतें, असें थोडेंच आहे! ज्याचे गुडघे साथ देत नाहींत, ज्याची दृष्टि मंदावली आहे, अथवा गर्दीचा गलबला ज्याला सोसत नाहीं, तेंच माणूस बहुधा ही राखण आपण होऊन पत्करतें. आपल्यामुळें इतरांचा खोळंबा होऊं नये, हा त्यामागील खरा हेतु. अशा मंडळींसाठीं मुद्दाम सोयी केलेल्या मिनीबसमधून गेल्या हिवाळ्यांत आम्ही एका दिवसांत वेरूळ पाहून आलों. ती हकीकत वाचकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

आम्ही एकंदर नऊ जण होतों. त्यांत आत्याबाई चाकांच्या खुर्चीवर. अण्णाकाकांना उजेड व सावली यांखेरीज फारसें दिसत नाहीं. आणि आठ वर्षांचा पुतण्या दाटी झाली किंवा मोटारीचा कर्णा वाजला कीं कान झांकून रडूं लागतो. छत्रपति संभाजीनगराहून वेरूळ सुमारें तीस किलोमीटर. मंगळवारीं लेणीं बंद असतात. म्हणून बुधवार धरला आणि गर्दी होण्यापूर्वीं पोंचावें या विचारानें पहांटेसच निघालों.

या गाडीच्या मागल्या दाराशीं एक लोखंडी फलाट असून तो यंत्रानें जमिनीपर्यंत खालीं येतो व खुर्चीसकट माणसाला वर घेतो. आंत खुर्चीचा सांगाडा चार पट्ट्यांनीं गाडीच्या तळाशीं जखडतात, आणि बसणाऱ्यासाठीं निराळा पट्टा असतो. हे दोन बंदोबस्त वेगवेगळे असणें अवश्य आहे. एकावर भागवूं नये.

प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी न पिणें ही आत्याबाईंची जुनी संवय. कारण उघड असूनहि चारचौघांत कोणी बोलत नाहीं: खुर्ची आंत जाईल असें शौचगृह वाटेंत मिळेल, याचा भरंवसा नसतो. म्हणून आम्हीं प्रथम त्याचीच चौकशी केली; प्रेक्षणीय स्थळांची यादी मागाहून. गाडी सुटण्यापूर्वीं आत्याबाईंनीं पेलाभर पाणी मागून घेतलें, तेव्हां वहिनींनीं एकमेकींकडे पाहिलें.

वाटेंत दौलताबादच्या किल्ल्याचा तासलेला कडा खिडकींतूनच पाहिला. तेथील चढाव आमच्या मंडळींसाठीं नव्हता. वेरूळचें तसें नाहीं. येथील चौतीस प्रसिद्ध लेणीं डोंगराच्या पायथ्याशीं ओळीनें आहेत. सोळावें लेणें, म्हणजे कैलास, आठव्या शतकांत राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं कळसापासून पायाकडे खोदीत आणलें. हें खोदकाम पायथ्यापर्यंत आल्यामुळें अंगण बाहेरच्या भूमीशीं जवळजवळ समपातळींत आहे. जेथें उंबरठा आड आला तेथें गाडींतल्या घडीच्या फळ्या टाकल्या. उंची एक फूट असेल तर उतरण बारा फूट हवी, असें आपल्या देशांतील मार्गदर्शक तत्त्वें सांगतात. फळी तोकडी असली कीं ढकलणाऱ्याचा दम जातो आणि बसणाऱ्याचा धीर!

समोरच गजलक्ष्मी, अंगणांत दगडी हत्ती व उंच ध्वजस्तंभ, दक्षिणेच्या अंगास कैलास हालवूं पाहणारा रावण. हें सारें खुर्चीवरून दिसतें. मुख्य मंडप मात्र पायऱ्या चढून वर. आत्याबाईंना उचलून न्यावयास चार तरुण आपण होऊन पुढें आले. त्यांनीं हात जोडून नकार दिला. "बाळांनो, उचलून नेलेल्या माणसाला देव दिसत नाहीं, पडण्याचें भय तेवढें दिसतें. मला येथें रावणापाशींच बसूं द्या." आम्ही वर जाऊन येईपर्यंत अर्धा तास त्या तेथें होत्या. शंकराला बिलगलेली पार्वती आम्हां सर्वांना दिसली होती. तिच्या मागें घाबरून पळत सुटलेली दासी मात्र आत्याबाईंनीं बोट दाखविलें तेव्हां दिसली.

दहावें लेणें हें बौद्धांचें चैत्यगृह. त्याच्या कमानदार छतास लांकडी वांशांसारख्या दगडी फासळ्या कोरल्या आहेत, म्हणून लोक त्यास 'सुताराची झोंपडी' म्हणतात. आंत दुसरें कोणी नाहीं असें पाहून अण्णाकाकांनीं हलकेंच षड्ज लावला. सूर घुमत परत आला. "उंच आहे, आणि लांबट," ते म्हणाले. शिल्पांना हात लावण्याची मनाई आहे, व ती रास्तच आहे. परंतु अशा ठिकाणीं चांचपून पाहण्याजोग्या लहान प्रतिकृति ठेवल्या, तर कानांनीं मिळालें तें हातांनाहि मिळेल.

दहाच्या सुमारास सहलींची गर्दी उसळली. पुतण्या आईसह गाडींत जाऊन दारें-पडदे लावून बसला. कोणी त्याला समजावलें नाहीं कीं दटावलें नाहीं. वीस मिनिटांनीं तो आपणच उतरला आणि हत्ती कोणीकडे, म्हणून विचारूं लागला.

१९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यानें ते एकवीस केले व स्वमग्नतेसारख्या, पाहतांच ध्यानांत न येणाऱ्या अडचणींनाहि त्यांत स्थान दिलें. ३ डिसेंबर २०१५ रोजीं सुगम्य भारत अभियान सुरू झालें. या गोष्टी इष्टच आहेत. परंतु सहलीचा बेत कोणाच्या पायांनीं आणि कोणाच्या कानांनीं आंखावयाचा, हें कोणताहि कायदा ठरवीत नाहीं; तें आपल्या माजघरांतच ठरतें. बेत करतांना सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाला प्रथम विचारावें. दोन स्थळें कमी होतील. पण जें पाहूं तें सारें घर मिळून पाहूं.