चपडीची झाक

शंकर नगरातल्या आमच्या घरात महोगनीची एक फळीही नाही. आहे ते आजोबांचं सागवानी कपाट. परवा मिस्त्रींनी व्हरांड्यात बसून चपडीचे पापुद्रे स्पिरिटमध्ये भिजत घातले, उग्र वास घरभर पसरला आणि मला लंडनचे सुतार आठवले. पुस्तकं चाळणाऱ्या माणसाचं हे असंच होतं.

१७२१ साली ब्रिटिश संसदेनं अमेरिकेतल्या वसाहतींच्या लाकडावरची जकात उठवली आणि जमैकाची महोगनी लंडनला येऊ लागली. तांबूस, रुंद फळ्यांची, वाळली की सहसा न वाकणारी. ती तोडणारे हात गुलामांचे होते. खुर्च्यांचं कौतुक करताना ही गोष्ट कुणी फारशी काढत नाही. तिथल्याच सेंट मार्टिन्स लेनमधल्या थॉमस चिपेंडेल या सुतारानं १७५४ मध्ये फर्निचरच्या नमुन्यांचं पुस्तक काढलं. त्यातल्या काही खुर्च्यांच्या पाठींवर चक्क रिबिनीच्या गाठी आहेत. लाकडातून रिबीन काढायची, म्हणजे पटाशीवर केवढा हात बसलेला असणार!

पण आज आपण ज्या आरशासारख्या चकाकीवर भाळतो, ती त्याच्या काळची नव्हेच. तेव्हा तेल, मेण, रोगण असा मामला होता. फ्रेंच पॉलिश इंग्लंडात रुळलं ते एकोणिसाव्या शतकात, आणि मग हौशी घरमालकांनी जुनं सामानही खरवडून चकचकीत करून घेतलं. जाणकार अजून हळहळतात. मला मात्र गंमत वाटते, कारण फ्रेंच म्हणवणाऱ्या त्या पॉलिशचा जीव म्हणजे चपडी, चपडी म्हणजे लाख, आणि जगाला लाख पुरवायचा तो मुख्यतः हिंदुस्थान. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांना चिकटलेले किडे रस शोषतात आणि अंगाभोवती राळ जमवतात. ती खरवडायची, धुवायची, वितळवून पातळ ताणायची. आमच्या कांकेरकडचे शेतकरी आजही लाख पिकवतात.

मिस्त्री मलमलीत कापसाचा बोळा गुंडाळून हलक्या हातानं गोल गोल फिरवत होते. मध्येच म्हणाले, ‘‘भैया, मेलामाइन लगवा लो, झंझट खतम.’’ गरम कपाचा पांढरा डाग चपडीवर पटकन उठतो, हे त्यांचं खरंच. पण चपडीचा नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, डागापुरती दुरुस्ती जमते. मेलामाइन बिघडलं की सगळंच खरवडावं लागतं. मी चपडीच लावून घेतली, आणि चहाच्या कपाखाली ठेवायला ताटल्या आणल्या.