माझा आवडता सुपरहिरो : सुपर कमांडो ध्रुव

रविवारी दुपारी आमच्या डॉर्मिटरीत एक वाद ठरलेला असतो. सर्वांत भारी सुपरहिरो कोण? कुणी आयर्न मॅन म्हणतो, कुणी बॅटमॅन, कुणी स्पायडरमॅन. माझी पाळी आली की मी म्हणतो, "सुपर कमांडो ध्रुव." मग केरळचा माझा मित्र विचारतो, "हा कोण?" आणि बिहार, उत्तर प्रदेशकडचे दोघेतिघे हसतात, कारण त्यांच्या वडिलांनी लहानपणी ध्रुव वाचलेला असतो. एक मराठी मुलगा हिंदी कॉमिक्समधल्या नायकासाठी भांडतो, याची त्यांना गंमत वाटते. या वर्षी मी शाळा सोडणार. त्याआधी हा वाद एकदाचा कागदावर मांडावा, म्हणून हा लेख.

ज्यांना ध्रुव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. दिल्लीच्या राज कॉमिक्सने १९८७ साली 'प्रतिशोध की ज्वाला' हे कॉमिक काढले आणि त्यातून ध्रुव वाचकांसमोर आला. त्याचे निर्माते अनुपम सिन्हा. कथाही त्यांची आणि चित्रेही त्यांचीच. ध्रुव ज्युपिटर सर्कशीत वाढलेला. त्याचे आईवडील, राधा आणि श्याम, झुल्यावरचे कलाकार. प्रतिस्पर्धी सर्कशीच्या कारस्थानात ज्युपिटर सर्कस जळते आणि त्या आगीत ध्रुव आईवडिलांना गमावतो. पुढे राजन मेहरा नावाचे पोलीस अधिकारी त्याला आपल्या घरी मुलगा म्हणून वाढवतात.

ध्रुवाला उडता येत नाही. त्याच्या अंगात कुठले किरण शिरलेले नाहीत. सर्कशीत शिकलेल्या कसरती, मोटारसायकल, पशुपक्ष्यांची भाषा, पट्ट्यात आणि मनगटात ठेवलेली थोडी साधने आणि मुख्य म्हणजे डोके, एवढ्यावर तो लढतो. शत्रू बलाढ्य असला की ध्रुव आधी मार खातो, मग विचार करतो आणि आजूबाजूला पडलेल्या साध्या वस्तूंमधून मार्ग काढतो. त्यासाठी लागणारे विज्ञान बहुतेक वेळा शाळेच्या पुस्तकातलेच असते. (पुढच्या एका कथेत त्याला पाण्याखाली श्वास घेण्याची शक्ती मिळते, ती मला आजही पटलेली नाही.) तो मुखवटाही घालत नाही. जे करतो ते स्वतःच्या चेहऱ्याने करतो. त्याची एक कमांडो फोर्स आहे आणि तिच्यातले पीटर, रेणू, करीम हे कॅडेट म्हणवले जातात. आता सांगा, कॅडेटने दुसरा कुठला नायक निवडावा?

मित्र म्हणतात, बॅटमॅनचा साथीदार रॉबिनही सर्कशीतलाच, त्याचेही आईवडील झुल्यावरचे आणि तो १९४० सालचा. हे खरे आहे, मी नाकारत नाही. पण रॉबिनला बॅटमॅन होता. ध्रुवाला आपले नियम स्वतःच ठरवावे लागले. त्यातला पहिला नियम असा की कुणाचा जीव घ्यायचा नाही. पहिल्या कॉमिकच्या नावातच 'प्रतिशोध' आहे, म्हणजे सूड. पण ज्याचे सगळे जळाले, तो मुलगा पुढे सूड घेत फिरत नाही. गुन्हेगाराला पकडतो आणि कायद्याच्या ताब्यात देतो. लहानपणी मला हे थोडे मिळमिळीत वाटायचे. ते का नाही, हे कळायला मला पाच वर्षे लागली.

माझे गाव सातारा जिल्ह्यात आहे. सहावीत प्रवेश मिळाला तेव्हा गोवा एक्सप्रेसने वडील मला घेऊन निघाले. पुण्याच्या फलाटावर मामा भेटायला आला. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेला. त्याने एक पिशवी दिली. आत चिवडा, लाडू आणि जुनी पाच कॉमिक्स होती. "हिंदी येत नाही म्हणून रडत बसू नको. हे वाच, आपोआप येईल," तो म्हणाला. नोकरीत असताना रजेवर येता-जाता स्टेशनवरच्या स्टॉलवरून तो ही कॉमिक्स घ्यायचा. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर त्याचे नाव, तारीख आणि विकत घेतलेल्या स्टेशनचे नाव लिहिलेले. इटारसी, झाशी, भोपाळ. वर्गात 'बाकी' आणि 'बाक़ी' यांत मी अडखळत होतो, तेव्हा माझी खरी हिंदी शिकवणी ध्रुवाकडे चालू होती.

सातवीत असताना एका रात्री लाइट्स आउटनंतर पांघरुणात टॉर्च लावून मी 'इटारसी' वाचत होतो. चूक माझी होती. एका सीनियरने पकडले. त्याने मला सगळ्या डॉर्मिटरीसमोर उभे केले, "असलं वाचून एनडीएत जाणार?" असे विचारले आणि कॉमिक मधोमध फाडले. नंतरचे फ्रंट रोल मी विसरलो. फाडल्याचा तो आवाज नाही विसरलो. सकाळी एम. आय. रूममधून चिकटपट्टी मागून आणली आणि पाने जोडली. एका पानाचा कोपरा मिळालाच नाही. रविवारी फोनवर मामाने विचारले, "पुस्तकं नीट हायत ना?" मी म्हणालो, "हो मामा, अगदी नीट." त्या दिवशी मी मनाशी ठरवले होते की एक दिवस मीही सीनियर होईन.

तो दिवस गेल्या वर्षी आला. अकरावीत माझ्याकडे ज्युनियर डॉर्मिटरीची जबाबदारी होती. एका रात्री मला कोपऱ्यातल्या पांघरुणाखाली उजेड दिसला. सातवीतला एक मुलगा गणिताच्या वहीत चित्रे काढत होता. त्याने स्वतःचा सुपरहिरो तयार केला होता, हातात दोरी आणि पाठीवर बॅग असलेला. त्या दिवशी परेडला आमच्या हाऊसचे गुण गेले होते आणि ते माझ्या डोक्यात होते. मी वही हिसकावली, सगळ्यांसमोर चित्रांची पाने फाडली आणि त्याला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या. खोटे कशाला बोलू, त्या क्षणी मला बरे वाटले. शिस्त लावली असे वाटले.

सकाळी पी.टी.च्या आधी मी पुन्हा तिकडून गेलो. तो मुलगा पलंगावर बसून फाटलेली पाने चिकटपट्टीने जोडत होता. पांढरी चिकटपट्टी, एम. आय. रूमची. तो रडत नव्हता. माझ्याकडे बघून तो पटकन उभा राहिला आणि पाने पाठीमागे लपवली. लपवताना तो मला जसा घाबरला, तसा मी एकेकाळी कुणाला घाबरत होतो, ते आठवले. ज्याच्यासारखे कधी व्हायचे नाही असे मी ठरवले होते, त्याच्याच जागी मी उभा होतो. माझे मूळ भांडण त्या जुन्या सीनियरशी होते आणि तो केव्हाच शाळा सोडून गेला होता. या मुलाने माझे काहीच बिघडवले नव्हते.

तेव्हा मला 'प्रतिशोध' या शब्दाचा अर्थ नीट कळला. सूड बहुतेक वेळा ज्याच्यावर घ्यायचा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. वाटेत जो दुबळा भेटतो त्याच्यावर तो निघतो. ध्रुवाचा नियम मिळमिळीत नव्हता. राग असताना स्वतःला थांबवणे हेच त्याच्या सगळ्या कसरतींपैकी अवघड काम होते.

मी दोन गोष्टी केल्या. दोन्ही आनंदाने केल्या असे म्हणणार नाही. आधी हाऊस मास्टर सरांना सगळे सांगितले. त्यांनी एक महिना माझ्याकडची जबाबदारी काढून घेतली, ते योग्यच होते. मग पाने सगळ्यांसमोर फाडली होती म्हणून रोल कॉलच्या वेळी सगळ्यांसमोर त्या मुलाची माफी मागितली. तो "ठीक है, सर" म्हणाला आणि खाली बघत राहिला. सिनेमात होते तसे काही झाले नाही. दहा-बारा दिवसांनी तो स्वतःहून आला आणि म्हणाला, "सर, आपके पास भी कॉमिक है क्या?" मी 'इटारसी' दिले. वाचायची वेळ लाइट्स आउटच्या आधीची, हे बजावून दिले.

चार दिवसांनी कॉमिक परत आले. पाच वर्षे गायब असलेला तो कोपरा जागेवर होता. पुढची-मागची चित्रे बघून त्याने अंदाजाने तो काढला होता, रंगवला होता आणि चिकटवला होता. ध्रुवाचे नाक जरा मोठे झाले आहे, पण चालेल.

त्या रविवारी मी मामाला फोन करून खरे सांगितले. मामा हसला. "कागदच तो, फाटला तर फाटला. तू कुणाचं फाडलं नाहीस ना?" मी गप्प. मग म्हणालो, "फाडलं, मामा." पलीकडे थोडा वेळ शांतता. "मग जोडलंस का?" त्याने विचारले. मी म्हणालो, "त्यानंच जोडलं."

सैनिक होऊ पाहणाऱ्याने जीव न घेणारा नायक निवडावा का, असे मला एका मित्राने विचारले. आमचे उस्ताद म्हणतात, रागाने धरलेल्या रायफलचा नेम चुकतो. १९७१ च्या युद्धात ढाक्याला शरणागती झाली आणि सुमारे ९३ हजार युद्धकैदी आपल्या ताब्यात आले. त्यांना जिनिव्हा कराराप्रमाणे वागवण्यात आले. लढाई संपल्यावर हात आवरणे हाही सैनिकाच्या कामाचाच भाग आहे, असे मला वाटते.

गेल्या महिन्यात रात्रीच्या नॅव्हिगेशनला सप्तर्षींमधल्या पुलह आणि क्रतू या ताऱ्यांवरून रेषा ओढून आम्ही ध्रुवतारा शोधला. क्षितिजापासून ध्रुवताऱ्याची उंची म्हणजे त्या जागेचा अक्षांश. माझ्या गावी तो सुमारे १८ अंशांवर दिसतो, इथे २७ अंशांवर. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश भरते. म्हणजे घरापासून मी मूठभर अंतरावर आहे. ध्रुवतारा आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा नाही. पुराणातल्या ध्रुवबाळालाही वडिलांच्या मांडीवरून उठवले होते. पण दोघेही आपल्या जागेवरून हलत नाहीत, म्हणून रात्री दिशा विचारायची ती त्यांनाच.

जाताना मी पाचही कॉमिक्स ज्युनियर डॉर्मिटरीच्या कपाटात ठेवून जाणार आहे. मामाची परवानगी घेतली आहे. वाचा, भांडा, हवा तो नायक निवडा. फाटले तर चिकटपट्टी एम. आय. रूममध्ये मिळते.

जय हिंद!

— इयत्ता १२ वीतील एक कॅडेट