सपाट रस्ता, दोन राज्यं आणि नानांच्या मामाचं गाव

तर मुलांनो, झालं असं, की दिवाळीच्या सुट्टीत माझ्या चुलत बहिणीने नेदरलँड्सहून फोटो पाठवले. ती, तिचे यजमान आणि दोन्ही मुलं मोटारीने बेल्जियमला जाऊन आली होती. फोटोंत जिकडे तिकडे सपाट जमीन! सरळ कालवे, चरणाऱ्या गायी, लांबवर एखादी पवनचक्की. एक फोटो मात्र गमतीचा होता. बार्ले नावाच्या गावात दोन्ही देशांची सीमा चक्क फुटपाथवरून, घरांमधून जाते. जमिनीवर पांढऱ्या फुल्या काढलेल्या. तिची मुलं एक पाय या देशात आणि एक पाय त्या देशात ठेवून उभी! तिथे म्हणे ज्या देशात घराचा पुढचा दरवाजा उघडतो, त्या देशात ते घर धरायचं.

माझी पुतणी सातवीत आहे. घरात तिला सगळे छोटीच म्हणतात. फोटो बघून ती फुरंगटली. "काका, आपल्या खान्देशात असं काहीच नाही. डोंगर नाही, समुद्र नाही. नुसतं सपाट!"

आमचे नाना, म्हणजे छोटीचे आजोबा, पेपर वाचत होते. चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "नवापूरच्या स्टेशनावर एक बाक आहे. एक टोक महाराष्ट्रात, दुसरं गुजरातेत. बघायचाय?"

झालं! छोटीने नवी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'जळगाव ते नवापूर.'

नकाशा जमिनीवर पसरला. जळगावहून नवापूरला जायला दोन वाटा. एक धुळ्यावरून. राष्ट्रीय महामार्ग ५३, जुनी माणसं त्याला अजून 'सहा नंबर' म्हणतात. हा पारोळा, धुळे, साक्री करत कोंडाईबारीचा घाट उतरतो. दुसरी वाट तापीच्या खोऱ्यातून, रेल्वेच्या सोबतीने जाणारी : धरणगाव, अमळनेर, बेटावद, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार. मी म्हटलं, "महामार्गानेच जाऊ, लवकर पोचू." छोटी म्हणाली, "मग बघायचं काय? ट्रकांची मागची बाजू?" तिचं खरंच होतं. शेवटी ठरलं, जाताना खोऱ्यातून, येताना महामार्गाने. म्हणजे साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्याही बघून होतील. नेदरलँड्सला पवनचक्क्या, तर आपल्यालाही पवनचक्क्या!

दिवस कोणते निवडायचे? उन्हाळ्याचं नावच नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, हे तुम्हाला मी काय सांगू! म्हणून जानेवारी. शेतात हरभरा-गहू उभा, हवा स्वच्छ आणि मिरचीचा हंगाम.

छोटीची यादी मात्र दीड पानाची झाली. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा, प्रकाशाचं तापीकाठचं तीर्थ, धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला... दोन दिवसांत हे बसणार कसं? सारंगखेड्याची यात्रा तर दत्तजयंतीला, म्हणजे डिसेंबरातच असते. मग एकेका नावावर काट मारली. नाव खोडताना छोटीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं!

आणि मग नानांनी नकाशावर बोट ठेवलं. नवापूरच्या वर, जिथे निळा रंग पसरलेला आहे तिथे.

"इथं."

"इथं काय आहे, नाना?"

"माझ्या मामाचं गाव."

छोटीने वाकून बघितलं. तिथे गावाचं नाव नव्हतं. फक्त उकाई धरणाचं पाणी होतं.

नाना दर उन्हाळ्यात त्या गावी जायचे. तापीत डुंबायचे, डांगरं खायचे. १९७२ साली गुजरातेत उकाईचं धरण पूर्ण झालं. पाणी मागे फुगत फुगत आपल्या जुन्या धुळे जिल्ह्यापर्यंत आलं आणि काठावरची गावं बुडाली. तेव्हा नाना तेरा वर्षांचे होते, छोटीएवढेच! मामांना दुसरीकडे जमीन मिळाली, पण नदी सुटली. इतक्या वर्षांत नाना तिकडे एकदाही फिरकले नव्हते, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. छोटीने काही न बोलता वहीत शेवटचा मुक्काम बदलला.

जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे आम्ही निघालो. गिरणेचा पूल ओलांडला, तेव्हा उजाडत होतं. नानांनी छोटीला काम दिलं. "प्रत्येक नदी कुठून कुठे वाहते ते लिही." गिरणा डावीकडून उजवीकडे. अमळनेरला बोरी, डावीकडून उजवीकडे. बेटावदला पांझरा, तीही तशीच! छोटी चक्रावली. कारण काय, माहीत आहे? आपण पश्चिमेला चाललो होतो आणि तापी होती उजव्या हाताला, उत्तरेकडे. या साऱ्या नद्या तापीला भेटायला निघालेल्या. ज्याला आपण सपाट म्हणतो, तिथेही उतार आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, पण पाण्याला बरोबर कळतो.

तापीचं हे खोरं म्हणजे खचदरी. जमिनीचा लांबट पट्टा खाली खचला आणि नद्यांनी लाखो वर्षं गाळ आणून तो भरला. काही ठिकाणी हा गाळ शेकडो फूट जाड आहे. म्हणून तर आपली कापूस-केळी! क्षितिजावर सातपुड्याची निळी रेघ आमच्यासोबत चालत होती.

अमळनेरला थांबलो. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात इथल्या शाळेत शिक्षक होते. आणखी एक गंमत. आज संगणकाच्या क्षेत्रात मोठी असलेली 'विप्रो' कंपनी १९४५ साली याच गावात वनस्पती तूप बनवण्यासाठी सुरू झाली! छोटीला हे खरंच वाटेना.

शिंदखेड्याकडे जमीन कोरडी होत गेली. चहाच्या टपरीवर एका बाबांनी विचारलं, "कथा जाई ऱ्हायनात, भाऊ?" ही आपली अहिराणी. नंदुरबारला पोचलो, तर मोकळ्या माळावर लालेलाल मिरची वाळत घातलेली. या मिरच्यांच्या पथाऱ्या लांबूनच दिसतात आणि जवळ गेलं की शिंका आवरत नाहीत! याच नंदुरबारात ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन निघालेला पंधरा वर्षांचा शिरीषकुमार पोलिसांच्या गोळीने हुतात्मा झाला. त्याच्या घरची भाषा गुजराती होती. स्मारकापुढे आम्ही तिघंही गप्प उभे राहिलो.

संध्याकाळी नवापूर. प्लॅटफॉर्म तिकीट काढून आत गेलो आणि तो बाक सापडला! अर्ध्यावर 'महाराष्ट्र', अर्ध्यावर 'गुजरात'. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत. घोषणा चार भाषांत : मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी. रेल्वे आधी आली आणि राज्यं १ मे १९६० रोजी वेगळी झाली. त्यामुळे रेघ स्टेशनाच्या अंगावरून गेली. छोटी बरोबर मधोमध बसली आणि आत्याला फोटो पाठवला.

दुसऱ्या दिवशी गुजरातेत शिरलो. तिथे दारूबंदी आहे, म्हणून पोलिसांनी डिकी उघडून बघितली. निघाल्या कळण्याच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. तेही हसले, आम्हीही हसलो. उच्छलच्या पुढे पाणी दिसू लागलं. केवढं पाणी! पलीकडचा काठ धूसर. त्या पाण्यावर सुरतेकडचा ऊस पिकतो, वीज तयार होते. नाना बराच वेळ उभे होते. मग हात लांब करून म्हणाले, "तिकडं असावं." नक्की कुठे, ते त्यांनाही सांगता येईना.

"नाना, वाईट वाटतं का हो?" छोटीने विचारलं.

"वाटतं. पण तिकडच्या शेतांना पाणी मिळालं, तेही खरं आहे. फक्त, ते कोणाच्या गावावरून आलं हे कोणाला तरी ठाऊक हवं."

छोटीने वही उघडली आणि गावाचं नाव विचारून लिहून घेतलं. मामांच्या घराची दिशा, अंगणातली चिंच, नदीवरचा घाट, नानांना आठवेल ते सगळं. परतीच्या वाटेवर ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आल्या, तरी तिचं लिहिणं चालूच होतं. धुळ्याला शेवभाजी खायला थांबलो, तेव्हा कुठे वही मिटली.

दोस्तांनो, तुम्हालाही असा बेत करायचा असेल, तर थोडं लक्षात ठेवा. गाडीचे कागद, विमा, पीयूसी आणि चालवणाऱ्याचा परवाना बरोबर असू द्या. भाड्याची गाडी असेल, तर दुसऱ्या राज्यात जायचा परवाना आधी विचारा. ठिकाणं कमी ठेवा, थांबे जास्त ठेवा. आणि निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसासमोर नकाशा पसरा. ते कुठे बोट ठेवतात, ते बघा!