शिंगणापूरचं हरवलेलं टिंब

मंडळी, परवा एका मित्राने हायवेवरच्या पाटीचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ, "ही तुमचीच ना?"

पाटीवर लिहिलंय 'शनिशिगणापूर'. 'शिं'वरचं टिंब गायब! हो, पाटी माझ्याच दुकानातली. चूक माझी, कबूल. वर्षभर ती तशीच उभी आहे. नगरहून येणारी शेकडो वाहनं आपल्या घोडेगावातून शिंगणापूरकडे वळतात, कुणाच्या लक्षात आलं नाही. बिल पास करताना कुणी वाचलं नाही. लावताना मीही नाही.

आता ती कशी झाली ते ऐका. एका कार्यालयाचं काम होतं. मजकूर आला व्हॉट्सॲपवर, तोही जुन्या फ्लेक्सचा मोबाईलने काढलेला फोटो. म्हटलं, "साहेब, मूळ फाइल द्या." उत्तर आलं, "हीच फाइल आहे, संध्याकाळपर्यंत द्या."

रेडियम कापणाऱ्या प्लॉटरला फोटो समजत नाही. फोटो म्हणजे नुसते रंगीत चौकोन, मोठा केला की कडेला पायऱ्या दिसतात. प्लॉटरच्या सुरीला लागते रेष: इथून निघ, इथं वळ, इथं थांब. म्हणून फोटो ट्रेस करून रेषा काढाव्या लागतात. कोरलमध्ये होतं, फुकटच्या इंकस्केपमध्येही होतं. बटण दाबलं की दोन मिनिटांत काम. पण त्यात एक सोय असते, ठरावीक मापापेक्षा बारीक डाग टाकून द्यायची. अंधुक फोटोतली धूळ जावी म्हणून मी ते माप वाढवलं. धूळ गेली, सोबत अनुस्वारही गेला. कॉम्प्युटरला दोन्ही सारखेच. इंग्रजी 'आय'वरचं टिंब गेलं तरी लोक वाचतात हो, आपल्याकडे कांदा मार्केटचं 'कादा मार्केट' होतं.

पूर्वीचे पेंटर चौकटी आखून अक्षर मोठं करायचे. वेळ लागायचा, पण प्रत्येक अक्षर डोळ्यांखालून जायचं.

2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तेव्हापासून पाट्या बदलायचं काम आमच्याकडे सारखं येतं. काम मिळतं, तक्रार नाही. नंबरप्लेटचं काम हाय सिक्युरिटी प्लेट आल्यापासून गेलंच आहे. पण नव्या नावाच्या पाट्यांनाही पुन्हा फोटोच! लहान फोटोत 'ल्या'मधली बारीक फट बुजते, ट्रेस केलं की अक्षराचा गोळा होतो. मग एकेक बिंदू ओढत बसा. योजनांच्या लोगोंची तीच गत. प्रत्येक दुकानदार आपल्या परीने ट्रेस करतो, म्हणून एकच लोगो चार गावांत चार चेहऱ्यांचा दिसतो.

खरी गोम पुढे आहे. मूळ फाइल कुणीतरी केलेली असतेच. डिझाईनचे पैसे सरकारी तिजोरीतून जातात, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून. पण फाइल राहते डिझाईनवाल्याच्या कॉम्प्युटरवर आणि कार्यालयाकडे येतो फोटो. उद्या त्याने दुकान बंद केलं की संपलं. विहिरीचे पैसे भरायचे आणि पाणी टँकरने आणायचं, असा प्रकार.

म्हणून ग्रामपंचायतीपासून जिल्ह्यापर्यंत सगळ्यांना माझी मागणी आहे. वर्क ऑर्डरमध्येच लिहा की अक्षरं कर्व्ह केलेली फाइल, एसव्हीजी किंवा पीडीएफ, जमा केल्याशिवाय बिल निघणार नाही. कर्व्ह केलेली यासाठी, की जुन्या फॉन्टमधली मराठी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की एबीसीडीचा खिचडा दिसतो. आणि हो, फोटो वर्डमध्ये चिकटवून त्याची पीडीएफ केली तर तो फोटोच राहतो, हे मी निदान दहा जणांना समजावलंय. लोगो जिल्ह्याच्या वेबसाइटवर ठेवा, कुणीही उतरवून घेईल. मजकूर मात्र युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा, मोबाईलवर तरी सगळेच मराठी टाइप करतात की.

ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. तुमच्या गावच्या पाटीवर असं काही गेलेलं दिसलं तर फोटो कमेंटमध्ये टाका. हो, फोटोच, यासाठी चालेल.

आपल्या पाटीचं म्हणाल तर काल सकाळी पिवळ्या रेडियमचं टिंब कापून, शिडी लावून चिकटवून आलो. वर्षभराच्या उन्हाने बाकीची अक्षरं फिकी पडलीत, त्यामुळे लांबून आधी तेच दिसतं.