सुरू होणे आणि चालत राहणे

यंत्र मुळीच सुरू होत नसेल तर माणूस लवकर निर्णयास येतो. कारागिराला बोलावतो अथवा नवे यंत्र आणतो. परंतु जे यंत्र प्रत्येक वेळी सुरू होते आणि थोड्याच वेळात बंद पडते, ते माणसाला आशेवर झुलवत ठेवते. बँकेच्या कर्जविभागात असताना असे अनेक उद्योग मी जवळून पाहिले. उद्घाटन थाटात होई, पहिले काही महिने काम जोरात चाले आणि मग ते थंडावे. "साहेब, धंदा सुरू तर झाला होता ना?" हे मालकाचे ठरलेले वाक्य असे. सुरू होण्यास लागणारे बळ आणि चालत राहण्यास लागणारे बळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा मी कागदांवरून शिकलो. निवृत्तीनंतर एका पेट्रोल जनरेटरने तोच धडा प्रत्यक्ष दाखवला.

माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील फीनिक्स शहरी राहतो. आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो असताना त्याने मोटारहोम भाड्याने घेऊन ग्रँड कॅन्यन पाहण्याचा बेत आखला. मोटारहोम म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाडच. आत शेगडी, शीतकपाट, पलंग, न्हाणीघर, सारे काही. दिवे, पाण्याचा पंप आणि थंडीत हीटरचा पंखा १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालतो. त्या बॅटऱ्या भरण्यासाठी गाडीच्या पोटात एक छोटा जनरेटर बसवलेला असतो.

ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फूट उंच आहे. आम्ही ज्या तळावर उतरलो, तेथे वाहनांना वीज जोडून मिळत नाही. जनरेटरही ठरावीक वेळेतच लावण्याची मुभा असते. रात्री तो लावता येत नाही. पहिल्या संध्याकाळी आमचा जनरेटर तासभर नीट चालला. दुसरा दिवस आम्ही उद्यानाच्या बसने फिरण्यात घालवला आणि गाडी तळावरच उभी होती. संध्याकाळी परतल्यावर जनरेटरचे बटण दाबले. तो सुरू झाला, आठ-दहा सेकंद चालला आणि बंद पडला. पुन्हा दाबले, पुन्हा तेच.

एरवी ही गोष्ट हसण्यावारी गेली असती. परंतु माझ्या पत्नीला झोपेत श्वास अडखळण्याचा विकार आहे. रात्रभर हवेचा दाब देणारे यंत्र लावून झोपावे, त्यात खंड पाडू नये, असे डॉक्टरांनी बजावलेले. आदल्या रात्री ते यंत्र आणि हीटरचा पंखा यांनी बॅटऱ्या बऱ्याच उतरवल्या होत्या. जनरेटरची वेळ संपण्यास दोन तास उरले होते. ती काही बोलली नाही. पिशवीतून उशी काढून खुर्चीच्या पाठीला लावून पाहू लागली. रात्र बसून काढण्याची तिची ती तयारी पाहून मुलाचा धीर सुटला.

"बाबा, पंप गेला असणार. कंपनीला फोन करून गाडी बदलून घेऊ," तो म्हणाला. फोनवर त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माणूस पाठवतो, असे सांगितले. मी म्हटले, "माणूस उद्या येईल, पण तोवर आपण हिशेब मांडू. ज्या तपासणीस पैसा लागत नाही, ती आधी. ज्यात काही उघडावे लागते, ती शेवटी."

प्रथम ऑईल पाहिले. ऑईल कमी झाल्यास इंजिन जळू नये म्हणून अनेक जनरेटर आपोआप बंद होतात. पट्टीवर ऑईल पुरेसे होते. मग सर्व ब्रेकर खाली करून भार काढला. उंचीवर हवा विरळ असते आणि अशा इंजिनाची शक्ती दर १,००० फुटांमागे सुमारे साडेतीन टक्के घटते. म्हणजे येथे जवळजवळ पाव शक्ती कमी. पण भार नसतानाही तो बंद पडला. हवेची जाळी काढून पाहिली, ती स्वच्छ होती. काही जनरेटर बटण दाबून धरले तोवरच चालतात आणि सोडताच बंद पडतात. तेथे दोष बहुधा विजेच्या बाजूला असतो. आमचा मात्र बटण सोडल्यावरही काही क्षण चालत होता. म्हणजे ठिणगी होती आणि थोडे पेट्रोलही होते. ते थोडेच का होते, एवढाच प्रश्न उरला.

उत्तर माहितीपुस्तिकेतील एका ओळीत सापडले. अशा गाडीत जनरेटरला वेगळी टाकी नसते. तो गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो. मात्र त्याची नळी टाकीच्या तळापर्यंत नेलेली नसते. टाकी साधारण पावावर आली की नळीचे तोंड उघडे पडते आणि जनरेटर थांबतो. कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्या थेंबांवर तो सुरू होत होता आणि वाटी रिकामी होताच बंद पडत होता. गाडीचा काटा पाहिला, तो पावाच्या किंचित खाली होता. गाडी देताना हे कोणी सांगितले नव्हते.

मला हसू आले. व्यापारी वाचकांस कॅश क्रेडिटचे खाते परिचित आहे. माल शंभराचा असला तरी पंचवीस टक्के मार्जिन सोडून पंचाहत्तरच उचलता येतात. "माझाच माल, आणि मला पूर्ण रक्कम का नाही?" अशी तक्रार मी कितीदा तरी ऐकली होती. येथे गाडीच्या रचनाकाराने तेच मार्जिन राखले होते. रात्रभर दिवे आणि पंखे चालवून सकाळी गाडी रानातच अडकू नये, परतीपुरते पेट्रोल शिल्लक राहावे, म्हणून ती नळी आखूड. जी गोष्ट आम्हाला दोष वाटत होती, ती आमच्याच रक्षणासाठी होती.

उद्यानाच्या दक्षिण दाराबाहेर, सुमारे ११ किलोमीटरवर, टुसायान गावी पेट्रोलपंप आहे. तेथे टाकी भरून परतलो. नळीत हवा शिरलेली असल्याने पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे प्रथम इंधनपंप थोडा वेळ चालवला आणि मग बटण दाबले. दोन-तीन हेलकावे देऊन जनरेटर स्थिरावला. दिलेली वेळ संपेपर्यंत तो अखंड चालला आणि पत्नी रात्रभर यंत्र लावून शांत झोपली. सकाळी मुलाने कंपनीला फोन करून माणसाची फेरी वाचवली.

आपल्यापैकी अनेकांच्या दुकानी भारनियमनाच्या काळात घेतलेला छोटा जनरेटर अजून कोपऱ्यात असेल. त्याच्याबाबत तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिले की त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. म्हणून महिन्यातून एकदा तो थोड्या भारावर चालवावा, अन्यथा पेट्रोल काढून ठेवावे. चालू होऊन बंद पडला तर ऑईल, भार, हवा आणि इंधन या क्रमाने पाहावे, मगच कारागिराला बोलवावे. आणि शटर ओढलेल्या दुकानात अथवा बंद खोलीत तो कधीही लावू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईडला रंग नसतो, वास नसतो, आणि तो झोपलेल्या माणसाला जागे होण्याची संधी देत नाही.